शुक्रवारचे विधेयक



मंडळाच्या कार्यवाहांनी मला विषय सुचवला तो असा : सत्ता हातात नसलेला आमदार न्याय, पोलीस आणि समता या बाबतीत सभागृहात बसून नेमके काय करू शकतो? मी होमिओपॅथीचा डॉक्टर. विधिमंडळाचे कामकाज मी वर्तमानपत्रात वाचतो, तेही दवाखान्यात पेशंट नसले तर. त्यामुळे सगळ्या विरोधी आमदारांचा आढावा माझ्याच्याने व्हायचा नाही. मी एकाच बाईंबद्दल आणि त्यांच्या एकाच विधेयकाबद्दल बोलणार आहे. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. तरीही आज सुरतेतल्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर जी पाटी दिसते, तिचा धागा मागे मागे नेला तर त्या विधेयकापर्यंत जातो.

बाई म्हणजे मृणाल गोरे. जुन्या मंडळींना 'पाणीवाली बाई' म्हटले की लगेच ओळख पटेल. जन्म १९२८चा, माहेरच्या मोहिले. डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या. राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. १९४८ला केशव गोरे यांच्याशी लग्न, दहा वर्षांनी वैधव्य, पदरात लहान मुलगी. गोरेगावात नळाला पाणी नाही म्हणून बायकांना घेऊन मोर्चे काढले, तिथून त्या नावारूपाला आल्या. ग्रामपंचायत, मग मुंबई महापालिका, १९७२ला विधानसभा. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसची एवढी लाट होती की विरोधी पक्षाचा माणूस निवडून येणे हीच बातमी. त्याच वर्षी महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकरांबरोबर लाटणे मोर्चा. आणीबाणीत आधी भूमिगत, मग अटक. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना ठेवले ते कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण स्त्री-कैद्यांच्या शेजारी. पोलीस आणि तुरुंग या गोष्टींवर त्या सभागृहात बोलत तेव्हा आतून पाहून आलेल्या होत्या, हे लक्षात ठेवायला हवे. १९७७ला लोकसभेत गेल्या. तेवढी जनता राजवटीची अडीच वर्षे सोडली तर सगळे आयुष्य विरोधी बाकावर. १९८५ला पुन्हा विधानसभेत आल्या आणि १९८८-८९मध्ये विरोधी पक्षनेत्याही झाल्या. १७ जुलै २०१२ला त्या गेल्या.

आता शुक्रवारची गोष्ट.

मंत्री जे विधेयक मांडतो ते शासकीय. मंत्री नसलेला कोणताही सदस्य मांडतो ते अशासकीय. त्यासाठी आठवड्यातून शुक्रवारी शेवटचे काही तास राखून ठेवलेले असतात. बरेच सदस्य तोवर मतदारसंघाची गाडी पकडायला निघालेले. आपल्या संसदेचे उदाहरण घ्या. स्वातंत्र्यानंतर आजवर अवघी १४ अशासकीय विधेयके कायदा झाली, त्यातले शेवटचे १९७०चे. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ एकही नाही. मग माणसे ती मांडतात कशाला? हौस म्हणून?

याचे उत्तर मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. विधेयक चर्चेला आले की संबंधित खात्याच्या मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. 'आम्हाला याची कल्पना नाही' असे त्याला म्हणता येत नाही, कारण आता कल्पना कलमवार लिहून समोर ठेवलेली असते. 'हे चुकीचे आहे' म्हणायचे तर कारण द्यावे लागते आणि ते छापले जाते. 'हे बरोबर आहे' म्हणायचे तर लोक विचारतात, मग तुम्ही का आणत नाही? मोर्चाने जे प्रश्न रस्त्यावर विचारले, तेच प्रश्न विरोधी आमदार सरकारच्या कागदावर नेऊन ठेवतो. मोर्चा संध्याकाळी घरी जातो. कागद राहतो.

१९८०च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षा जोरात होती. गर्भाभोवतीचे पाणी सुईने काढायचे, त्यातल्या पेशी तपासायच्या. मूळ उद्देश गर्भात काही आनुवंशिक दोष आहे का ते पाहण्याचा. त्यातूनच मुलगा की मुलगी हेही कळते, आणि त्या तेवढ्या माहितीसाठी लोक रांगा लावू लागले. सत्तरच्या दशकातच सरकारी रुग्णालयांत हा वापर बंद केला गेला होता. खासगी दवाखान्यांना कोणी अडवले नव्हते. जाहिराती उघड होत्या : आज थोडे पैसे द्या, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या. १९८६ला डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. ५० पैकी ४२ डॉक्टर लिंग सांगण्यासाठी ही परीक्षा करत होते. शंभरात ८४. हे सगळे शिकलेले, प्रतिष्ठित, कदाचित देवपूजा करून दवाखान्यात येणारे लोक. बेकायदा म्हणावे तर तसा कायदाच नव्हता.

त्याच सुमाराला मुंबईतल्या स्त्री-संघटना, लोकविज्ञानवाले आणि काही डॉक्टर एकत्र येऊन या परीक्षेविरुद्ध उभे राहिले. त्यांनी अभ्यास केला, निदर्शने केली. मृणालताईंनी तो विषय अशासकीय विधेयक म्हणून विधानसभेत नेला. पुढे सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि १९८८ला महाराष्ट्राचा कायदा झाला. गर्भलिंग परीक्षेविरुद्धचा देशातला पहिला कायदा. श्रेय कोणाचे, यावर वाद घालत बसण्यात मला रस नाही. सरकारच्या नावावर कायदा गेला म्हणून बाई रुसून बसल्याचे कुठे वाचलेले नाही.

पण तो कायदा जसा हवा होता तसा नव्हता, आणि इथे विषयातला 'न्याय' आणि 'पोलीस' येतो. नावातच 'नियमन' होते. खासगी केंद्रांना ही तंत्रे बंद न करता परवाना द्यायचा. परीक्षा करून घेणारी बाईही गुन्हेगार. एखाद्या नागरिकाला तक्रार करायची तर थेट न्यायालयात जाता येत नसे, आधी नोटीस देऊन वाट पाहावी लागे. ज्यांनी मोहीम चालवली होती त्यांनीच या तरतुदींवर टीका केली. मला ती टीका पटते. दोन मुलींची आई, सासरच्यांनी गाडीत घालून आणलेली, तिला आरोपी करायचे आणि नवरा दाराबाहेर बसून वर्तमानपत्र वाचणार, याला समता म्हणायचे का?

नागरिकाला तक्रारीचा अधिकार हवा, हा आग्रह एवढा का होता, हे समजायला आणखी मागे जावे लागते. १९७२च्या मार्चमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, १९७८ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार, असा तर्क. १९७९ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ला बलात्काराचा कायदा बदलला. ज्या बायकांनी हे पाहिले होते, त्या 'पोलीस बघून घेतील' एवढ्यावर थांबणार नव्हत्या. कायदा कोणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

गर्भलिंग परीक्षेत तर पोलिसांची आणखी एक अडचण आहे, आणि डॉक्टर म्हणून मला ती जास्त कळते. चोरी झाली तर ज्याची वस्तू गेली तो चौकीत येतो. मारामारी झाली तर ज्याचे डोके फुटले तो येतो. इथे डॉक्टर खूश, नवरा खूश, सासू खूश, बाई गप्प. जिच्यावर गुन्हा झाला ती जन्मालाच येत नाही. फिर्यादीच नाही! पंचनामा कशाचा करायचा? म्हणून या गुन्ह्याचा तपास कागदावरूनच करावा लागतो. किती सोनोग्राफ्या झाल्या, कोणत्या कारणासाठी, कोणी पाठवले, आधीची मुले किती, मुली किती. १९९४च्या केंद्रीय कायद्यातला एफ फॉर्म म्हणजे नेमके हेच. त्या कायद्यात बाईच्या बाबतीतही तरतूद आहे. तिच्यावर सक्ती झाली असे न्यायालय आधी गृहीत धरते, उलट सिद्ध करायचे ते समोरच्याने. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मात्र पुढाकार पोलिसांचा नाही, 'समुचित प्राधिकाऱ्या'चा, म्हणजे बहुधा आरोग्य खात्यातल्या एखाद्या डॉक्टरचा. नागरिकाने पंधरा दिवसांची नोटीस दिली आणि काही झाले नाही, तर तो स्वतः न्यायालयात जाऊ शकतो.

माझे रेडिओलॉजिस्ट मित्र या फॉर्मवर चिडतात. एक रकाना राहिला तर मशीन सील होते, म्हणतात. त्यांचे दुखणे अगदीच खोटे नाही. प्रामाणिक माणूसही कारकुनी चुकीत अडकतो आणि खरा गुन्हेगार फॉर्म सुरेख भरून ठेवतो. पण २०१९मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना हीच तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने ती मानली नाही. फिर्यादी नसलेल्या गुन्ह्यात नोंद हाच साक्षीदार, हे एकदा मान्य केले की दुसरा निर्णय कसा येणार?

केंद्राचा कायदा लागू झाला १ जानेवारी १९९६ला. मधली साताठ वर्षे महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. आपण सगळे सुरत-भुसावळ गाडीने गावी जाणारे. ती हद्द कुठे आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. नवापूर स्टेशनवरचा बाक अर्धा गुजरातमध्ये, अर्धा महाराष्ट्रात. या बाजूच्या माणसाने जरा सरकून बसले की राज्य बदलते.

१९९२च्या सुमाराची गोष्ट. अमळनेरकडचे एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. नात्यागोत्यातून माझे नाव कळलेले. बाईला दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. नवरा म्हणाला, "तिकडचे डॉक्टर आता घाबरतात, सुरतेत होईल का?" मी तरुण होतो, दवाखाना नवा होता, समोरचा माणूस ओळखीतून आलेला. मी एका सेंटरचा पत्ता कागदावर लिहून दिला. कायदा इथे काय आहे, तिथे काय आहे, हे मी पाहिलेही नाही. पत्ता देण्याचे पैसे घेतले नाहीत, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल, आणि ते फारसे काही नाही. महिन्याभराने तीच बाई अशक्तपणासाठी आली. रक्त बरेच गेले होते. मी तिला चायना दिले, खजूर-गूळ खायला सांगितले. तिने मला काही विचारले नाही. गाठीतून पैसे काढले, मोजून टेबलावर ठेवले आणि गेली. मृणालताईंच्या कायद्याला महाराष्ट्रातले डॉक्टर थोडे तरी घाबरू लागले होते, हे मला त्या नवऱ्याने सांगितले. आणि त्या भीतीतून वाट काढून देणारा माणूस कोण, तर मी.

म्हणून हा विषय मी घेतला. दुसरे काही कारण नाही.

आता आकडे. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली किती, हे जनगणनेत मोजतात. महाराष्ट्रात १९९१ला ९४६, २००१ला ९१३, २०११ला ८९४. ज्या राज्याने सगळ्यांत आधी कायदा केला, त्याची ही घसरण. गुजरातमध्ये ९२८, ८८३, ८९०. सुरत जिल्ह्यात २०११ला ८३५. जळगाव जिल्ह्यात ८४२. मला वाटते, हे शेवटचे दोन आकडे आपण एकत्र वाचावेत. गाडी सुरतेहून निघते आणि जळगावला पोचते. दोन्ही टोकांना मुली कमी. मधे नंदुरबारचा आदिवासी भाग लागतो, बाजूला डांग. तिथे मुली जास्त. म्हणजे ज्या पट्ट्यात दवाखाने कमी, पैसा कमी, तिथे मुलगी जन्माला येते. आणि जिथे आपण हिऱ्याला पैलू पाडतो, साड्या छापतो, केळीच्या बागा लावतो, तिथे येत नाही. गरिबीमुळे मुली नकोशा होतात, हे जे भाषणात नेहमी ऐकतो ते या रेल्वेमार्गावर तरी खरे नाही.

आणखी एक आकडा सांगतो, तो माझ्या घरचा आहे. २००१च्या जनगणनेत पहिल्यांदा हे प्रमाण धर्मानुसार प्रसिद्ध झाले. देशाची सरासरी ९२७. जैनांची ८७०. आमच्याहून खाली फक्त शीख, ७८६. त्याच जनगणनेत साक्षरतेत मात्र जैन देशात पहिले, शंभरात ९४. आम्ही पाणी गाळून पितो, गाळलेल्या पाण्यातले जीव परत विहिरीत सोडायची रीत पाळतो, पांजरापोळांना देणग्या देतो. हे सगळे मी आजही करतो आणि मनापासून करतो. पण २००१नंतर पर्युषणातल्या व्याख्यानांना मी हा आकडा खिशात घेऊन बसत आलो आहे, आणि क्वचितच कोणी तो उच्चारला. २०११ला ८८९ झाला. सुधारला म्हणायचे, पण हजारच्या जवळपासही नाही.

मग कायद्याचा उपयोग झाला की नाही? १९९६नंतर बरीच वर्षे तो कागदावरच होता. २०००मध्ये मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की संसदेने केलेला कायदा राबवायला सांगा. २००१ला न्यायालयाने राज्यांना तसे आदेश दिले, नोंदणी न केलेल्या मशीनचा हिशेब मागितला. २००३ला कायदा दुरुस्त होऊन गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. कोल्हापूरला लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनला नोंद ठेवणारे यंत्र बसवले गेले. डॉक्टर मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि हरले. हेच देशमुख २०१८ला आपल्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि या विषयावर त्यांनी कथाही लिहिल्या आहेत. त्या यंत्राबद्दल माझ्या मनात शंका आहे. पेशंटची खासगी तपासणी कोणी तरी दुसरीकडे बसून पाहू शकते, हे मला डॉक्टर म्हणून सोसत नाही. पण जिथे डॉक्टरवर विश्वास ठेवून नुकसानच झाले, तिथे माझ्या या तक्रारीला वजन किती, हेही मला कळते.

आणि २०१७ला सांगली जिल्ह्यात म्हैसाळला जे सापडले ते तुम्हाला आठवत असेल. गर्भपातात एक विवाहिता दगावली, त्याचा तपास करताना पोलिसांना पुरलेले १९ भ्रूण मिळाले. आरोपी डॉक्टर होमिओपॅथ होता. बीएचएमएस. माझीच पदवी. त्या आठवड्यात माझ्या पेशंटांनी मला त्याबद्दल काही विचारले नाही, पण नजरा मला कळत होत्या. तिथेही पाहा, गुन्हा उघडकीस आला तो एक बाई मेली म्हणून. ती जगली असती तर म्हैसाळच्या कागदोपत्री सगळे ठीकच होते.

माझ्याकडे आजही लोक येतात. सोनोग्राफीचे विचारत नाहीत, आता तेवढी भीती आहे. 'मुलगा होण्याची पुडी' मागतात. दिवस गेल्यावर दीडदोन महिन्यांत घ्यायची म्हणतात. अशी कोणतीही पुडी होमिओपॅथीत नाही, आयुर्वेदात नाही, कुठेच नाही. लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते आणि ते पुरुषाच्या बीजाने ठरते. हे सांगितले की सासू सुनेकडे बघायची थांबते आणि मुलाकडे बघते. एवढ्यासाठी मी ते नेहमी मुलासमोरच सांगतो. पण पुडी देणारे वैदू-डॉक्टर याच रस्त्यावर आहेत, आणि त्यांचे उत्पन्न माझ्यापेक्षा बरे आहे. लिंगनिवडीची जाहिरात करणे हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. नोटीस कोणीही देऊ शकतो, पंधरा दिवसांची. गेल्या वर्षी मी एक दिली. पुढे काय झाले ते विचारलेत तर सांगतो, अजून उत्तर आलेले नाही. आता न्यायालयात जायचे, तर वकील शोधतो आहे.

मृणालताईंना पाणी मिळवायला किती वर्षे लागली हे गोरेगावकरांना विचारा. मोर्चा, अर्ज, पुन्हा मोर्चा, महापालिकेत प्रश्न, विधानसभेत प्रश्न. सभागृहात त्या आकडे घेऊन उभ्या राहत आणि उत्तर मिळाल्याशिवाय बसत नसत, असे त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. आपल्या भागात नगरसेवक आहेत, आमदार आहेत, आपल्या मराठी माणसांतूनही काही निवडून गेले आहेत. सत्तेत आहेत की विरोधात, हे बाजूला ठेवू. बमरोली-पांडेसरा भागात सोनोग्राफीची केंद्रे किती, गेल्या पाच वर्षांत तपासणी किती वेळा झाली, खटले किती, निकाल किती, एवढे चार प्रश्न त्यांनी लेखी विचारावेत. मी ते एका कागदावर लिहून आणले आहेत, कार्यवाहांकडे ठेवतो. सही करायची असेल त्यांनी जाताना करावी.

चर्चेला अर्धा तास राखून ठेवला आहे. सभेत डॉक्टर मंडळी बरीच दिसतात. त्यांनी आधी विचारले तर बरे.